धनुष्यात शिंग आणि सांबरशिंग किती टिकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘किती वर्षं टिकेल?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मी दर वेळी उलटा प्रश्न करतो: धनुष्यात कुठे बसवणार आहात? एकच तुकडा टोकाला लावला तर तुम्हाला पुरून उरेल आणि पोटावर, म्हणजे ओढताना तुमच्याकडे येणाऱ्या बाजूवर, लावला तर पहिल्याच ओढीला चिरफाळेल, असं सर्रास होतं. खालची उत्तरं वाचताना तेवढी एक गोष्ट डोक्यात ठेवा.

शिंग आणि सांबरशिंग, दोन्ही शिंगंच ना?

नाही, आणि निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात. मराठीत म्हशीच्या डोक्यावरचं तेही शिंग आणि सांबराच्या डोक्यावरचं तेही शिंगच. पण म्हैस, बकरा, मेंढा, काळवीट यांच्या शिंगात आत हाडाचा खुंट असतो आणि त्यावर घट्ट बसलेलं एक पोकळ टोपण. धनुष्याला लागतं ते हे टोपण. ते केराटिनचं असतं, म्हणजे आपली नखं-केस आणि घोड्याचा खूर ज्याचे असतात त्याच द्रव्याचं. जनावर जगतं तोवर ते वाढत राहतं, गळत नाही.

सांबर, चितळ, बारशिंगा, रेनडियर यांचं शिंग म्हणजे सरळसरळ हाड. दर वर्षी नवं फुटतं, मखमली कातडीखाली झपाट्याने वाढतं, मग कातडी सुकून निघून जाते आणि पुढे अख्खं शिंगच गळून पडतं. काळवीट हरणासारखं दिसतं म्हणून त्याचं शिंग या गटात टाकू नका, ते केराटिनचंच आहे. इथे पहिल्या जातीला ‘शिंग’ म्हणतो आणि दुसऱ्या जातीला ‘सांबरशिंग’, मग ते प्रत्यक्षात रेनडियरचं का असेना.

हातातला तुकडा कुठला आहे हे कसं ओळखायचं?

तासून बघा. धारदार पातं फिरवलं की शिंगाचं पेन्सिल तासल्यासारखं कुरळं सालपट निघतं. सांबरशिंगाचं नुसतं पीठ पडतं. कानस जोरात चालवलीत तर शिंगाला केस जळाल्याचा वास येतो आणि सांबरशिंगाला दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल चालू असताना येतो तसा. शिवाय सांबरशिंग आडवं कापलं की मध्ये स्पंजासारखी जाळी दिसते. वासच नसेल, किंवा प्लास्टिकचा दर्प येत असेल, आणि रेषा फारच एकसारख्या असतील, तर तुम्हाला नकली माल दिलाय.

संयुक्त धनुष्याच्या पोटाला शिंगच का लावतात?

संयुक्त धनुष्य म्हणजे शिंग, लाकूड असे थर एकमेकांवर चिकटवून केलेलं. आधी दोन शब्द पक्के करू. धनुष्य ओढून धरलंत की तुमच्याकडे येते ती बाजू ‘पोट’ आणि निशाणाकडची ‘पाठ’. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. अख्खं लाकडाचं धनुष्य बहुधा पोटाकडून हार मानतं: लाकडाचे धागे दाबाने चुरगळतात, बारीक सुरकुत्या पडतात आणि दोरी काढल्यावरही बाहू, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा भाग, वाकलेलाच राहतो.

शिंग या दाबाचंच गिऱ्हाईक आहे. दाब सोसण्याची त्याची ताकद चांगल्या कठीण लाकडाच्या साधारण दुप्पट. पण ताकदीपेक्षाही महत्त्वाचं असं की ते किती दबून परत पूर्ववत होतं. लाकूड आपल्या लांबीच्या साधारण १ टक्का दबलं की कायमचं बिघडायला लागतं, शिंग सुमारे ४ टक्क्यांपर्यंत दबूनही परत येतं. म्हणून शिंगाचं धनुष्य बुटकं असूनही लांब ओढता येतं. घोड्यावर बसून तीर मारणाऱ्या लोकांनी ते उचलून धरलं ते यासाठीच. पाठीवर कंडरेचे, म्हणजे जनावराच्या पायातल्या चिवट दोऱ्यांचे, सरसात भिजवलेले तंतू बसवतात. ओढ सोसण्यात कंडरा लाकडाच्या जवळजवळ चौपट. मधलं लाकूड मग नुसतं मध्यस्थ: दोघांना अंतरावर धरून ठेवायचं आणि सरसाला बसायला जागा द्यायची.

ही जोडणी तुर्क, मंगोल, मांचू, कोरियन, इराणी अशा सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने सापडते. आपल्याकडेही तिची खूण भाषेतच बसली आहे. विष्णूच्या धनुष्याचं नाव ‘शार्ङ्ग’, म्हणजे शृंगाचं, शिंगाचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांचे ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शार्ङ्ग असे चार प्रकार दिले आहेत. शार्ङ्गधर नावाच्या प्रत्येक माणसाच्या हातात खरं तर केराटिन आहे.

कुठल्या जनावराचं शिंग चांगलं?

पोटासाठी पाणम्हशीचं. लांब, जाड आणि एका बाजूने बऱ्यापैकी सपाट पट्टी निघते. गाईबैलाचं शिंग बहुधा आखूड पडतं, त्याच्या भरीव टोकाच्या मात्र धनुष्याच्या टोकांवर बसवायच्या उत्तम टोप्या होतात. रानबकऱ्यांची शिंगं पश्चिम आशियात वापरली गेली, आणि उत्तर अमेरिकेतल्या शोशोनी लोकांनी रानमेंढ्याचं गुंडाळलेलं शिंग उष्णतेने मऊ करून, उलगडून त्याची धनुष्यं केली. जोसन राजवटीच्या काळातल्या कोरियात पाणम्हैस नव्हती, तरी त्यांनी शिंग बाहेरून आणवलं पण दुसऱ्या मालावर भागवलं नाही. यावरून काय ते समजा.

दोन्ही बाहूंना शक्यतो एकाच जनावराची डावी-उजवी जोडी घ्या. वेगवेगळ्या जनावरांची शिंगं वेगवेगळ्या गतीने ‘थकतात’ आणि वर्षभरात एक बाहू दुसऱ्यापेक्षा मऊ झालेला दिसतो.

मग सांबरशिंगाचं धनुष्य होतच नाही का?

होतं, आणि झालेली आहेत. उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागातल्या काही समाजांनी वापिटी या मोठ्या हरणाच्या सांबरशिंगाची, पाठीवर कंडरा चढवलेली आखूड धनुष्यं केली. आर्क्टिकमध्ये, जिथे झाडच उगवत नाही, तिथे नेटसिलिक इनुइट रेनडियरच्या शिंगाचे तुकडे एकमेकांना रिव्हेट मारून जोडत आणि पाठीवर कंडरेची वळलेली दोरी ताणून बांधत. चिकटवत नसत, बांधत. दमट थंडीत सरसावर विसंबण्यापेक्षा गाठीवर विसंबलेलं बरं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण यात गरजेचा भाग मोठा आहे. सांबरशिंग ताठ असतं, शिंगाइतकं दबून परत येत नाही, शिवाय आतली जाळी काढून टाकली की हातात उरते ती बाहेरची पातळ भिंत, तीही वाकडी. लाकूड आणि म्हशीचं शिंग मिळत असताना पोटावर सांबरशिंग लावायचा हट्ट कशासाठी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

सांबरशिंग नेमकं कुठे लावावं?

जिथे धनुष्य वाकत नाही तिथे. टोकाचे ताठ कान, दोरीची खाच, मुठीचे पाखे, तीर घासून जातो ती जागा, आणि मांचू धनुष्यावर असतात तसे दोरी टेकण्याचे ठोकळे. मध्ययुगीन युरोपातल्या आवार आणि मग्यार लोकांच्या थडग्यांत धनुष्याच्या टोकांच्या आणि मुठीच्या अशाच पट्ट्या सापडतात, सांबरशिंगाच्या किंवा हाडाच्या.

इथे त्याचा गुण असा की ते साध्या हाडापेक्षा चिवट आहे. खनिज थोडं कमी, कोलॅजन हे चिवट प्रथिन थोडं जास्त, त्यामुळे धक्का बसला की हाड तडकतं तिथे सांबरशिंग धक्का पोटात घालतं. नवल नाही. ते बनलंच आहे दुसऱ्या नराच्या डोक्यावर आपटायला. तीर सुटल्यावर दोरी थांबते तेव्हा खाचेला दर वेळी असाच एक हातोडा बसत असतो. मांचू तिरंदाजांची अंगठ्यात घालायची नळीसारखी कडीही सांबरशिंगाची असे. झिजायला वर्षानुवर्षं लागतात, आणि वापरून वापरून तिला जी मऊ, पिवळसर झिलई येते ती कुठल्याही पॉलिशने येत नाही.

दोघांत जास्त टिकाऊ कोण?

वापरात? आपापल्या जागी दोघंही सरसला मागे टाकतात. आधी जातो तो जोड.

जमिनीत मात्र निकाल एकतर्फी आहे. वेल्समधल्या केर्लियन इथल्या रोमन छावणीतून धनुष्याच्या कानांच्या हाडी पट्ट्या निघाल्या, पण ज्या धनुष्यांना त्या चिकटवलेल्या होत्या त्यांचं शिंग, लाकूड, कंडरा सगळं मातीमोल झालं होतं. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ साली वर काढलेलं इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ जहाज घ्या. त्यात यू नावाच्या झाडाच्या लाकडाची १३७ अखंड धनुष्यं मिळाली, पण त्यांच्या शिंगाच्या टोप्या जवळजवळ सगळ्या नाहीशा. लाकडाच्या टोकावर टोपी होती तेवढा भाग वेगळ्या रंगाचा दिसतो, बस. लाकूड टिकलं आणि शिंग गेलं! उलट कोरड्या जागी, तुतनखामेनच्या थडग्यात, संयुक्त धनुष्यं सुमारे ३,३०० वर्षं राहिली.

दमट हवेत शिंगाचं धनुष्य ढिलं पडतं, ते खराब झालं का?

बहुधा नाही. शिंग हवेतलं पाणी ओढतं आणि मऊ होतं. ओरिक्स या काळविटासारख्या आफ्रिकी प्राण्याच्या शिंगावर केलेली मोजमापं बोलकी आहेत: पूर्ण कोरड्या शिंगाचा ताठपणा सुमारे ६ गिगापास्कल, २० टक्के पाणी असताना ४ च्या आसपास, आणि पूर्ण भिजल्यावर २ च्याही खाली. धनुष्याचं शिंग इतकं कधी भिजत नाही, पण दिशा कळली. पाठीवरचा सरस आणि कंडराही त्याच वेळी मऊ होत असतात, म्हणून ओढ हलकी लागते.

कोरियन तिरंदाज यासाठी धनुष्य ठरावीक उबेच्या पेटीत ठेवतात आणि दोरी चढवण्याआधी हाताने चाचपून, विस्तवावर शेकून बाहू सरळ करून घेतात. तुम्हाला पेटी नको असेल तर खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखा आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक धनुष्याशेजारी टांगा. ढिलं पडलेलं धनुष्य ओढत राहू नका. कोरडं होऊ द्या, ओढ परत येते. मऊ असताना जोर लावलात तर बाहू पिळवटतो आणि मग ते लवकर सुधारत नाही.

सांबरशिंगाला दमटपणाचं एवढं सोयरसुतक नाही, पण भिजून पटकन सुकलं तर त्याला बारीक चिरा पडतात.

ऊन आणि उष्णता?

इथे माझीच कहाणी सांगतो. शिंगाची टोपी बसवलेलं एक लांब धनुष्य मी बंद गाडीत मागच्या काचेखाली दुपारभर ठेवलं. परत आलो तेव्हा टोपी जागेवर होती, दिसायला ठीक. घरी येऊन दोरी चढवली, अर्धवट ओढली आणि ‘टक्’ असा, नख तुटल्यासारखा आवाज आला. टोपी उभी फाटली होती, शिंगाच्या थराथरातून, अगदी पुस्तकाची पानं सुटावीत तशी. शिंग थराथरांनी वाढतं आणि फार कोरडं पडलं की तिथूनच सुटतं. तेव्हापासून गाडीत ठेवत नाही.

काम करताना मात्र हीच उष्णता मदतीला येते. उकळत्या पाण्यात शिंग मऊ होतं, मग शिकंज्यात दाबून सपाट करायचं आणि शिकंज्यातच पूर्ण थंड होऊ द्यायचं. घाईने काढलंत तर ते मूळच्या वळणावर परत जातं, त्याची स्मरणशक्ती दांडगी असते. सांबरशिंगाला हा उपाय करू नका. थंड पाण्यात काही दिवस भिजवलं की ते करवतीला आणि कानशीला नरम लागतं. उकळत ठेवलंत तर आतलं कोलॅजन विरघळतं आणि सुकल्यावर ते खडूसारखं ठिसूळ होतं.

बारीक भोकं पडली आहेत. कीड का?

होय, आणि शिंगाचा खरा शत्रू हाच. कसर आणि कार्पेट बीटल नावाच्या किड्याच्या केसाळ अळ्या केराटिन पचवतात. लोकर खाणारी जी मंडळी, तीच ही. आफ्रिकेत तर एका पतंगाच्या अळ्या मेलेल्या म्हशीच्या आणि काळविटासारख्या प्राण्यांच्या शिंगांवरच जगतात आणि शिंगातून बाहेर आलेल्या त्यांच्या नळ्या बोटांसारख्या दिसतात. एकदा चित्र पाहिलंत तर विसरणार नाही.

कच्चं शिंग असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी सुटेल. तयार संयुक्त धनुष्य मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, थर वेगवेगळे आकसतात. ते उजेडात, हवेशीर जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा पुसा. कीड लागते ती कपाटामागे विसरलेल्या धनुष्याला. सांबरशिंगात केराटिन नसल्यामुळे या अळ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

दोरीने खाच कापली जाते का?

कडा धारदार ठेवलीत तर आधी दोरी कापली जाईल. खाच गोल, गुळगुळीत हवी, आतून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि मग कापडाने. आजच्या कमी ताणणाऱ्या दोऱ्या बारीक असतात आणि टोकाला जास्त जोराचा झटका देतात. नुसत्या लाकडाच्या खाचेत त्या रुतत जातात. शिंगाची टोपी किंवा सांबरशिंगाची पट्टी असेल तर हा त्रास वाचतो.

सरस वापरू की इपॉक्सी?

टोपी, खाच, मुठीचे पाखे: इपॉक्सी हा कृत्रिम गोंद चालेल, संकोच नको. पोटावरची पट्टी: सरस, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा मिळाला तर उत्तम. कारण पोट वर्षानुवर्षं वाकणार, सरस त्याच्याबरोबर हवा पितो आणि सोडतो, आणि थर सुटला तर उब आणि ओलाव्याने उघडून परत बसवता येतो. इपॉक्सीने सुटलेला थर कायमचा सुटला.

दोन्हीकडे अपयशाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: शिंग तेलकट असतं आणि ते कुणी धूत नाही. खडबडीत करा, धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, आणि त्यानंतर त्या पृष्ठाला बोट लावू नका. तुर्की कारागीर लाकडावर आणि शिंगावर एकमेकांत बसणाऱ्या उभ्या खाचा पाडत, म्हणजे चिकटायला जागा वाढते. आणि सुकायला वेळ द्या. जुन्या पद्धतीत एका धनुष्याला वर्षभर सहज लागत असे. घाई करणाऱ्याने लाकडी धनुष्य करावं.

अधूनमधून तेल लावलं तर आयुष्य वाढतं का?

सुट्या टोपीला जवसाच्या तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात द्या, दिसायलाही छान दिसतं. संयुक्त धनुष्याच्या कडांना तेल लागू देऊ नका, ते जोडात मुरतं. तिथे फक्त मेण.

तासताना मास्क लागतो?

लागतो. सांबरशिंगाचं पीठ फार बारीक असतं आणि छातीत जातं. ओलं ठेवून घासा.

गळून पडलेलं सांबरशिंग उचललं तर कायद्याची अडचण नाही ना?

असू शकते. भारतासह काही देशांत ते नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो, मग ते जमिनीवर पडलेलं का असेना. काही देशांत मोकळीक आहे. रानबकऱ्या आणि रानमेंढ्यांच्या काही जातींची शिंगं १९७५ पासून लागू असलेल्या साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखाली येतात आणि परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाहीत. पाळीव म्हशीचं शिंग हा सगळ्यात बिनघोर माल, आणि योगायोगाने सगळ्यात चांगलाही.

जुनं शिंगाचं धनुष्य मिळालंय. दोरी चढवून बघू का?

नको. दोरी उतरवल्यावर ही धनुष्यं उलट्या बाजूला, कधी कधी पार वर्तुळासारखी, वळून बसतात. लोकांना वाटतं हीच त्यांची वाकायची बाजू आणि ते त्या बाजूने दोरी लावतात. एका झटक्यात दोन-तीनशे वर्षांचं काम संपतं. बाजू बरोबर कळली तरी आतला सरस कुठे सुटलाय हे बाहेरून दिसत नाही. नखाने पोटावर हळूहळू टकटक करत टोकापासून मुठीपर्यंत जा. आवाज भरीव येत असताना मध्येच पोकळ आला की तिथे थर सुटलाय, पेन्सिलने कडेला खूण करा. मी तपासलेल्या जुन्या धनुष्यांत अशा खुणा बहुतेक वेळा मुठीजवळच निघाल्या, जिथे शिंगाच्या दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात.